गो १.१८ नंतर स्लाइससाठी जेनेरिक फंक्शनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोल्हापूर परिसरात गो या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांसाठी आहे. दूध संकलन, गुळाचे सौदे, शिरोलीच्या फाउंड्रीतल्या हीटच्या (वितळलेल्या धातूच्या एकेका खेपेच्या) नोंदी अशी आपली कामं असतात. कुठल्याही कामात शेवटी एक यादी (गोमध्ये 'स्लाइस') येते आणि तिच्यावर काहीतरी करायचं असतं. जुना कोड १.१६-१.१७ च्या काळातला, म्हणजे जेनेरिक फंक्शनं (एकच फंक्शन अनेक टाइपना चालणारी) येण्याआधीचा असतो. भाषा अपग्रेड केली की दुसऱ्याच दिवशी प्रश्न सुरू होतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत.

कोड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तसा देवनागरीत लिहिला आहे. एडिटरमध्ये टाइप करताना अर्थातच फंक, रेंज, रिटर्न हे सगळं नेहमीच्या लिपीत.

नवा कंपायलर टाकला, तरी टाइप पॅरामीटरसाठी (फंक्शनला टाइप बाहेरून देण्याची जागा) १.१८ लागेल अशी एरर येते. का?

कारण नवा झाला तो कंपायलर. मॉड्यूल अजून जुनंच आहे. प्रोजेक्टमधली गो डॉट मॉड फाइल उघडा. वरच 'गो १.१६' किंवा तत्सम ओळ दिसेल. त्या मॉड्यूलपुरते भाषेचे नियम कोणते, हे ती ओळ ठरवते. ती १.१८ किंवा पुढची केल्याशिवाय चौकोनी कंसातले टाइप पॅरामीटर चालत नाहीत आणि एनी ('कुठलाही टाइप') हा शब्दसुद्धा चालत नाही.

१.२१ पासून या ओळीला आणखी वजन आलं. त्याआधी ती जवळपास सूचनेसारखी होती. आता ती किमान अट आहे. ओळीत लिहिलेल्यापेक्षा तुमचं गो जुनं असेल तर ते थेट नकार देतं, किंवा लागणारी टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) स्वतःच उतरवून घेतं. गावातल्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर नेट नसताना बिल्ड करणाऱ्यांना हा झटका हमखास बसतो. त्या मशीनवर गोटूलचेन हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'लोकल' ठेवा आणि गो डॉट मॉडमध्ये उगाच ताजा आकडा टाकू नका. १.२१ मधलंच काही वापरत असाल तर १.२१ लिहा.

कोणत्या आवृत्तीत काय आलं, थोडक्यात सांगाल का?

गो नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली आणि १.० मार्च २०१२ ला आली. जेनेरिक्सची मागणी पहिल्या दिवसापासून होती. २०१८ च्या मसुद्यात 'कॉन्ट्रॅक्ट' नावाची वेगळीच चीज होती. २०२० मध्ये ती सोडून देऊन अटी इंटरफेसमध्येच लिहायच्या असं ठरलं. इयान लान्स टेलर आणि रॉबर्ट ग्रिझमर यांच्या त्या प्रस्तावातून १५ मार्च २०२२ ला १.१८ आलं.

आपल्या कामाच्या दृष्टीने खरा दिवस मात्र ऑगस्ट २०२३ चा. १.२१ मध्ये स्लाइसेस, मॅप्स आणि सीएमपी ही पॅकेजं स्टँडर्ड लायब्ररीत आली, शिवाय मिन, मॅक्स, क्लिअर भाषेतच आले. १.२२ (फेब्रुवारी २०२४) ने लूप व्हेरिएबलचा जुना त्रास (खाली येईल) संपवला, १.२३ (ऑगस्ट २०२४) ने इटरेटर (घटक एकेक करून देणारी फंक्शनं) आणले. १.१८ वर थांबलेल्यांना माझा सल्ला एकच: अपग्रेड करताच आहात तर निदान १.२१ पर्यंत या. मधल्या थांब्यावर उतरण्यात काही अर्थ नाही.

ॲरे आणि स्लाइस एकच ना? आम्ही दोन्हीला ॲरेच म्हणतो.

बोलताना म्हणा, लिहिताना नको. कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आहेत. त्यांची नावं '[१२]स्ट्रिंग' मध्ये ठेवली तर तो ॲरे. इथे १२ हा आकडा टाइपचाच भाग असतो, त्यामुळे '[१२]स्ट्रिंग' आणि '[११]स्ट्रिंग' हे दोन परके टाइप आहेत. '[]स्ट्रिंग' ही स्लाइस, तिची लांबी टाइपमध्ये नसते.

इतर काही भाषांमध्ये लांबीलाच पॅरामीटर करता येतं, 'कितीही लांबीचा ॲरे' असं लिहिता येतं. गोमध्ये ती सोय नाही. टाइप पॅरामीटर फक्त टाइपसाठी आहे, आकड्यासाठी नाही. म्हणून जेनेरिक फंक्शन स्लाइससाठीच लिहा आणि ॲरे देताना 'तालुके[:]' असा द्या. यात कॉपी होत नाही, त्यामुळे फंक्शनने आत बदल केला तर मूळ ॲरेही बदलतो. एक बारीक अडचण सांगून ठेवतो. एखाद्या फंक्शनने परत केलेल्या ॲरेला थेट '[:]' लावता येत नाही, आधी तो व्हेरिएबलमध्ये घ्यावा लागतो.

आम्ही सगळीकडे '[]इंटरफेस' (कुठल्याही टाइपचे घटक मावणारी स्लाइस) वापरायचो. चालत होतं की!

चालत होतं, पण फुकट नाही. ६४ बिट मशीनवर एक इंट ८ बाइटचा असतो आणि इंटरफेसचं एक घर १६ बाइटचं: टाइप कोणता हे सांगणारा एक शब्द आणि डेटाकडे बोट दाखवणारा दुसरा. दोन्ही स्लाइसची मेमरीतली मांडणीच वेगळी. म्हणून '[]स्ट्रिंग' हवी तिथे '[]इंटरफेस' किंवा उलटं कधीच देता आलं नाही, प्रत्येक वेळी लूप लावून नवी स्लाइस भरावी लागायची. बाहेर पडताना परत टाइप असर्शन (आतला खरा टाइप सांगून काढणं), आणि ते चुकलं तर पॅनिक, म्हणजे प्रोग्राम कोसळणं, तेही पहाटेचं संकलन चालू असताना. आता ती चूक कंपायलर दुपारी ऑफिसातच पकडतो.

पहिलं जेनेरिक फंक्शन कसं लिहू?

मॅपपासून सुरुवात करा. स्टँडर्ड स्लाइसेस पॅकेजमध्ये मॅप आणि फिल्टर दिलेले नाहीत, त्यामुळे ते लिहिण्याला खरंच कारण आहे.

फंक मॅप[टी, यू एनी](यादी []टी, काम फंक(टी) यू) []यू {
    निकाल := मेक([]यू, ०, लेन(यादी))
    फॉर _, घटक := रेंज यादी {
        निकाल = अपेंड(निकाल, काम(घटक))
    }
    रिटर्न निकाल
}

चौकोनी कंसात दोन नावं आहेत. टी आत येणारा टाइप, यू बाहेर जाणारा. दोघांवर अट काहीच नाही, म्हणून एनी. संकलनाच्या नोंदींमधून फक्त सभासद क्रमांक काढायचे असतील तर टी म्हणजे नोंद आणि यू म्हणजे इंट. कॉल करताना हे सांगावं लागत नाही, कंपायलर दिलेल्या फंक्शनवरून ओळखतो.

या सात ओळींत बघण्यासारखी जागा मेकची आहे. 'व्हार निकाल []यू' असं लिहिलं असतं तरी फंक्शन चाललं असतं, पण रिकाम्या यादीला निल स्लाइस परत गेली असती. गोच्या आत निल आणि रिकामी स्लाइस बहुतेक सारख्याच वागतात, पण जेसॉनमध्ये निलचं नल होतं आणि रिकामीचं '[]'. सुट्टीच्या दिवशी संकलन शून्य आणि मोबाइल ॲप कोसळलेलं, याचं कारण अनेकदा हेच असतं. नल जायला नको असेल तर ते जेनेरिक फंक्शनमध्येच एकदा ठरवून टाका.

'पहिला सापडलेला घटक दे' अशा फंक्शनमध्ये काहीच सापडलं नाही तर काय परत करायचं, हाही नेहमीचा अडसर. निल परत करता येत नाही, कारण टी इंटसुद्धा असू शकतो. 'व्हार शून्य टी' असं लिहून त्या टाइपची शून्य किंमत परत करा आणि सोबत बूल द्या.

एनी, कंपेरेबल, ऑर्डर्ड यांपैकी कोणती अट कधी घालायची?

फंक्शनच्या आत घटकावर काय करता, त्यावरून ठरतं. नुसता हलवता, कॉपी करता, दुसऱ्या फंक्शनला देता, तर एनी. दोन घटक '==' ने ताडता किंवा मॅपची की म्हणून वापरता, तर कंपेरेबल. लहान-मोठं बघता, तर सीएमपी पॅकेजमधलं ऑर्डर्ड. लग्नाच्या स्थळासारखं आहे: अटी जितक्या कमी, तितकी स्थळं जास्त. नवीन मुलं सवयीने सगळीकडे ऑर्डर्ड लावतात आणि मग स्ट्रक्टची स्लाइस दिली की फंक्शन अडतं.

कंपेरेबलची एक गोष्ट १.२० मध्ये बदलली. त्याआधी इंटरफेस टाइप तिथे चालत नसे, आता चालतो. सोय झाली, पण त्या इंटरफेसच्या आत एखादी स्लाइस निघाली तर ताडताना रनटाइमला पॅनिक होतो. कंपायलरने सोडलं म्हणजे सुटलो असं इथे नाही.

ऑर्डर्डमध्ये दशांश संख्याही येतात, म्हणजे नॅनही ('नॉट अ नंबर', संख्याच नसलेली किंमत) येतो. महिन्याभरात दूधच न घातलेल्या सभासदाची सरासरी फॅट काढायला गेलात तर शून्य भागिले शून्य, आणि गोमध्ये दशांश संख्यांच्या या भागाकाराला पॅनिक होत नाही, निमूट नॅन मिळतो. नॅन स्वतःशीही समान नसतो, त्यामुळे स्लाइसेस डॉट इंडेक्सला तो कधीच सापडत नाही. स्लाइसेस डॉट सॉर्ट त्याला सगळ्यांच्या आधी बसवतो आणि स्लाइसेस डॉट मॅक्सच्या यादीत एक जरी नॅन असला तरी उत्तर नॅनच येतं. हे नियम ठरवून केलेले आहेत, बग नाहीत. नॅन यादीत शिरण्याआधीच अडवा.

स्वतःची अट लिहायची असेल तर 'इंट | इंट६४ | फ्लोट६४' असा इंटरफेस करता येतो. मात्र असा इंटरफेस फक्त अट म्हणूनच चालतो, त्याचं साधं व्हेरिएबल करायला गेलात तर कंपायलर नाही म्हणतो.

त्या '~' चिन्हाचं काय? काही ठिकाणी 'एस ~[]ई' असं विचित्र दिसतं.

विचित्र दिसतं खरं, पण आम्ही ज्या कामांत आहोत तिथे हेच सगळ्यात जास्त लागतं, म्हणून जरा थांबून बघू.

समजा 'टाइप लिटर फ्लोट६४' असा स्वतःचा टाइप केलाय. आता अट नुसती फ्लोट६४ अशी लिहिली तर लिटर तिच्यात बसत नाही, कारण तो वेगळा टाइप आहे. '~फ्लोट६४' म्हणजे 'ज्याचा पाया फ्लोट६४ आहे असा कुठलाही'. मग लिटर बसतो, रुपये बसतो, सगळे बसतात.

स्लाइसच्या बाबतीत गंमत पुढची आहे. 'टाइप संकलन []नोंद' असा टाइप करून त्याला एकूण(), छापा() अशा मेथड दिल्या. फिल्टर मात्र असा लिहिला:

फंक फिल्टर[ई एनी](यादी []ई, अट फंक(ई) बूल) []ई

त्याला संकलन दिलं तर तो घेतो, तक्रार करत नाही. पण परत येते ती साधी '[]नोंद'. तिच्यावर एकूण() म्हटलं की एरर. मग लोक प्रत्येक ठिकाणी संकलन(...) असं कन्व्हर्जन लावत बसतात. त्याऐवजी:

फंक फिल्टर[एस ~[]ई, ई एनी](यादी एस, अट फंक(ई) बूल) एस

आता जे आत गेलं तेच बाहेर आलं. संकलन दिलं, संकलन मिळालं, मेथड शाबूत. स्टँडर्ड पॅकेजमधली डिलीट, इन्सर्ट, क्लोन, सॉर्टफंक अशी फंक्शनं याच धाटणीने लिहिली आहेत. नियम सोपा धरा: त्याच जातीची स्लाइस परत करायची असेल तर एस आणि ई दोन्ही घ्या. उत्तर आकडा, बूल किंवा एखादा घटक असेल तर नुसतं '[]ई' पुरतं.

ग्रुपबाय कुठे मिळेल?

स्टँडर्ड लायब्ररीत नाही. हे लिहून ठेवा, रोज लागेल:

फंक ग्रुपबाय[टी एनी, के कंपेरेबल](यादी []टी, की फंक(टी) के) मॅप[के][]टी

आत एक मॅप, एक लूप, एक अपेंड, बस्स. सभासदवार नोंदी, तालुकावार संस्था, हीटवार कास्टिंग, सगळ्यांना तोच.

फक्त मॅपवर रेंज करताना गो मुद्दामच क्रम पक्का ठेवत नाही. त्यामुळे तीच बिलं आज एका क्रमाने छापली जातात, उद्या दुसऱ्या. सचिव फोन करून विचारतात, 'अहो, काल पाटील पहिले होते, आज कुठे गेले?' १.२३ पासून 'स्लाइसेस डॉट सॉर्टेड(मॅप्स डॉट कीज(गट))' एवढ्यात कीजची क्रमवार स्लाइस मिळते. त्याआधीच्या आवृत्तीत कीज स्वतः गोळा करून सॉर्ट करा.

एक्स/एक्स्प (गोची प्रायोगिक पॅकेजं) मधलं स्लाइसेस वापरत होतो. स्टँडर्डवर आलो आणि सॉर्टफंक फुटलं.

प्रयोगशाळेतल्या जुन्या आवृत्तीत सॉर्टफंकला 'लहान आहे का' असं सांगणारं बूल देणारं फंक्शन लागायचं. स्टँडर्डमध्ये तेच फंक्शन इंट परत करतं: उणे म्हणजे पहिला आधी, शून्य म्हणजे सारखे, अधिक म्हणजे दुसरा आधी. बहुतेक ठिकाणी 'ए डॉट फॅट < बी डॉट फॅट' च्या जागी 'सीएमपी डॉट कंपेअर(ए डॉट फॅट, बी डॉट फॅट)' केलं की संपलं. वजाबाकी करून उत्तर देण्याचा शॉर्टकट टाळा. दशांश संख्येत ६.२ वजा ६.० चं इंट केलं की शून्य, आणि दोन सभासद तुमच्यामुळे 'सारखे' ठरले.

मॅप्स डॉट कीजचंही तसंच. तिकडे ते स्लाइस द्यायचं, स्टँडर्डमध्ये १.२१ ला ते ठेवलंच नव्हतं, आणि १.२३ ला आलं ते इटरेटर घेऊन. स्लाइस हवी तर स्लाइसेस डॉट कलेक्टमध्ये गुंडाळा.

सारख्या किमतीच्या नोंदींचा मूळ क्रम टिकवायचा असेल तर सॉर्टस्टेबलफंक. साधा सॉर्टफंक तशी हमी देत नाही.

स्लाइसेस डॉट डिलीट केल्यावर शेवटच्या नोंदी शून्य का दिसतात?

कारण परत आलेली स्लाइस सोडून तुम्ही जुनीच वापरताय. डिलीट मधले घटक काढून मागचे पुढे सरकवतं आणि आखूड स्लाइस परत करतं. मूळ व्हेरिएबलची लांबी जुनीच राहते. १.२१ पर्यंत त्या शेपटीत आधीचेच घटक दुसऱ्यांदा दिसायचे, त्यामुळे चूक लपून राहायची किंवा 'एक नोंद डबल झाली' एवढीच तक्रार यायची. १.२२ पासून डिलीट, डिलीटफंक, कॉम्पॅक्ट वगैरे फंक्शनं ती शेपटी शून्य करतात. पॉइंटरची स्लाइस असेल तर तिथे निल आणि थेट पॅनिक. अपग्रेडने बिघडलं असं वाटतं. खरं तर आधीपासून बिघडलेलं होतं ते आता दिसायला लागलं. 'नोंदी = स्लाइसेस डॉट डिलीट(नोंदी, ...)' असंच लिहायचं.

याच घराण्यातली दुसरी भानगड म्हणजे जागच्या जागी फिल्टर. 'निकाल := यादी[:०]' करून त्यात अपेंड करत गेलं की मेमरी वाचते हे खरं, पण ज्याने यादी दिली त्याचा डेटा तुम्ही खोडत असता. फंक्शन फक्त तुमच्याच पॅकेजमध्ये असेल तर करा. सगळ्यांसाठीच्या युटिलिटीत नवीनच स्लाइस द्या. आणि क्लोनबद्दल एवढं लक्षात असू द्या की ती वरवरची कॉपी आहे. आत पॉइंटर असतील तर दोन्ही स्लाइस त्याच नोंदींकडे बोट दाखवतात.

आमच्या कोडमध्ये मिन आणि मॅक्स आधीच आहेत. नवे आल्यावर टक्कर होईल का?

नाही. तुमचं फंक्शन जवळच्या स्कोपमध्ये असल्याने तेच चालतं. सवडीने काढून टाका. स्लाइसेस डॉट मॅक्स रिकाम्या स्लाइसवर पॅनिक करतं, तेवढी लांबी आधी तपासा.

लूपमध्ये घटकाचा पत्ता घेतला तर सगळे पॉइंटर एकच येतात.

गो डॉट मॉडमधली ओळ १.२२ च्या खाली आहे. १.२२ पासून प्रत्येक फेरीला नवा व्हेरिएबल मिळतो, पण ती ओळ १.२२ केली तरच.

'कॅनॉट इन्फर' येतं, म्हणजे?

टाइप पॅरामीटर फक्त परतीच्या टाइपमध्ये असेल तर कंपायलरला तो ओळखायला काही मिळत नाही. कॉल करताना चौकोनी कंसात स्वतः सांगा.

मेथडला स्वतःचा टाइप पॅरामीटर देऊन 'यादी डॉट फिल्टर डॉट मॅप' अशी साखळी करता येईल का?

१.२५ पर्यंत तरी नाही. जेनेरिक टाइपच्या मेथडला त्या टाइपचेच पॅरामीटर मिळतात, नवा यू आणता येत नाही. साधी फंक्शनं लिहा. साखळीच्या हट्टापायी लोकांनी केलेले उद्योग वाचायला नंतर कोणी नसतं.

मग सगळंच जेनेरिक करून टाकू का?

इथे माझं मत ठाम आहे: जे फंक्शन घटकाबद्दल काही जाणतं, ते जेनेरिक करू नका.

उदाहरण फॅटचं घ्या. 'सरासरी' नावाचं छान जेनेरिक फंक्शन लिहिता येतं, कुठल्याही आकड्यांच्या स्लाइसवर चालतं. आता एका म्हशीवाल्या सभासदाने सकाळी ५ लिटर ७.० फॅटचं आणि संध्याकाळी १५ लिटर ६.० फॅटचं घातलं. जेनेरिक सरासरी म्हणते ६.५. खरी फॅट लिटरच्या वजनाने निघते: ३५ अधिक ९० म्हणजे १२५, भागिले २०, ६.२५. दोन्ही उत्तरं कंपायलरला मान्य, पण संस्थेच्या अध्यक्षांना एकच मान्य. फॅटची सरासरी हे संकलनाचं ज्ञान आहे, ते संकलन टाइपच्या मेथडमध्ये राहू द्या.

दुसरी खूण म्हणजे टाइप स्विच. जेनेरिक फंक्शनच्या आत 'एनी(घटक) डॉट (टाइप)' लिहून 'इंट असेल तर हे, स्ट्रिंग असेल तर ते' असं करावं लागलं, की समजा दोन वेगळी फंक्शनं एका पोत्यात कोंबली आहेत. ती सुटी करा.

बेरजेचं फंक्शन तर दिसतं त्याहून धोक्याचं. परतीचा टाइप टी ठेवला आणि कोणी इंट८ ची स्लाइस दिली, तर १२७ च्या पुढे गेलेली बेरीज गपचूप उणे होते. पैशांसाठी आम्ही फ्लोट वापरतच नाही, सगळं पैशांत इंट६४ मध्ये. तिथे जेनेरिक बेरजेची गरजच पडत नाही.

जेनेरिकने वेग वाढतो का?

कधी वाढतो, कधी नाही. स्लाइसेस डॉट सॉर्ट जुन्या सॉर्ट डॉट स्लाइसपेक्षा साधारणपणे वेगवान असतं, कारण रिफ्लेक्शनची (चालू प्रोग्राममध्ये टाइप शोधून केलेली) अदलाबदल वाचते आणि तुलना थेट त्या टाइपची होते. पण गोचा कंपायलर प्रत्येक टाइपसाठी वेगळा कोड बनवतोच असं नाही. ज्यांचा पायाचा टाइप एकच आहे अशा टाइपना तो एकत्र धरतो. सगळे पॉइंटर टाइप एकाच गटात जातात आणि कोणता टाइप आहे हे डिक्शनरीतून शोधतो. त्यामुळे पॉइंटर टाइप देऊन आत त्याच्या मेथड कॉल केल्या तर साध्या इंटरफेसपेक्षा फायदा होईलच असं नाही, कधी उलटंही होतं. बेंचमार्क बेंचमेम लावून चालवा, तुमच्याच डेटावर. तालुक्याच्या संकलनात अडलेली गोष्ट बहुधा डेटाबेसची क्वेरी असते, हे मात्र आधी बघून घ्या.

गावांच्या नावांची यादी स्लाइसेस डॉट सॉर्टने लावली, क्रम चुकीचा आला.

स्ट्रिंगचा क्रम गो बाइटवरून लावतं, म्हणजे देवनागरीत युनिकोडच्या क्रमाने. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणून 'कळंबा' आधी आणि 'कसबा बावडा' नंतर येतो, तर शाळेत शिकलेल्या क्रमाने कसबा बावडा आधी हवा. ळ आपल्याकडच्या इतक्या नावांत आहे की हे लपून राहत नाही.

गोच्या एक्स/टेक्स्ट मॉड्यूलमध्ये कोलेट नावाचं पॅकेज आहे. मराठीचा टॅग देऊन कोलेटर बनवा आणि त्याचं कंपेअरस्ट्रिंग हे फंक्शन सॉर्टफंकला द्या. ते इंटच परत करतं, त्यामुळे सरळ बसतं. छापण्याआधी ळ, क्ष, ज्ञ असलेली चार नावं घालून क्रम एकदा डोळ्याखालून घाला. 'सॉर्टफंक' हे फंक्शन जेनेरिक आहे, क्रम जेनेरिक नाही, तो भाषेचा असतो. तो बाहेरून द्यायची जागा त्यात ठेवली आहे, हेच चांगल्या जेनेरिक फंक्शनचं लक्षण.

रिव्हर्सने मराठी शब्द उलटा केला, भलताच शब्द आला.

लेन('कोल्हापूर') म्हटलं तर २७ येतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं. रून (युनिकोडची सुटी चिन्हं) ९ आहेत. रूनची स्लाइस करून स्लाइसेस डॉट रिव्हर्स केलं तर 'रूपाह्लोक' मिळतं. नाव वाईट नाही, पण प च्या ऊकाराने र ला धरलं आणि ह चा काना प ला लागला. फंक्शनने काम चोख केलं, त्याला दिलेला 'घटक' चुकीचा होता. आधी मात्रा-जोडाक्षरांसकट पूर्ण अक्षरांची स्लाइस बनवा, मग उलटवा.

टेस्टमध्ये काय काय घालायचं?

निल स्लाइस, रिकामी स्लाइस, एकच घटक, स्वतःचा नाव दिलेला स्लाइस टाइप, आणि दशांश संख्या असतील तर नॅन. शिवाय कॉल झाल्यावर मूळ स्लाइस बदलली नाही ना, हे तपासणारी एक टेस्ट. ती सगळ्यात जास्त चुका पकडते.

व्हेरिएबलची नावं मराठीत, देवनागरीत देता येतात का? कॉलेजच्या पोरांचा आवडता प्रश्न.

अर्धवट. गोमध्ये नावात युनिकोडची अक्षरं चालतात, पण जोडून येणारी चिन्हं, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, चालत नाहीत. त्यामुळे 'ऊस' चालतो, 'गूळ' चालत नाही. 'वजन', 'दर', 'गट' चालतात, 'रक्कम' अडते. वरच्या मॅपमधलं 'घटक' हे नाव कंपायलर घेईल, 'यादी' आणि 'निकाल' घेणार नाही. शिवाय पॅकेजच्या बाहेर दिसण्यासाठी नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं आणि देवनागरीत कॅपिटल नसतं, म्हणून चालणारा 'ऊस'सुद्धा पॅकेजच्या आतच राहतो. कॉमेंट आणि स्ट्रिंग मात्र हव्या तेवढ्या मराठीत लिहा, तिथे काहीच अडचण नाही.